बिनपगारी दप्तरदार

वस्तुसंग्रहालय म्हटले की काचेची कपाटे, गणवेशातला पहारेकरी आणि तिकिटाची खिडकी एवढे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ही सामग्री सरकारी तिजोरीवाचून जुळत नाही; सबब इतिहासाचे जतन हे सरकारचे काम, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रूढ होऊन बसली आहे. आम्हां नोकरदार मंडळींत तर ती विशेषच दृढ असते, कारण मंजुरी, तरतूद आणि हुद्दा यांवाचून काही घडू शकते यावर आमचा सहसा विश्वास बसत नाही. कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोण आणि त्याच्या आसपासची खेडी यांचा वृत्तांत या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो. या मुलखात जे टिकले त्यातले पुष्कळसे शाळामास्तर, न्यायाधीश, पुराणिक, दुकानदार अशा माणसांनी आपले पोटापाण्याचे काम सांभाळून टिकवले. त्यांना आम्ही बिनपगारी दप्तरदार म्हणतो.

कुंभकोणाच्या पश्चिमेस, पापनाशम् गावाजवळ, उत्तमदानपुरम् नावाचे लहानसे खेडे आहे. त्याच्या नावाची कथा मराठी वाचकांस मुद्दाम सांगण्याजोगी आहे. तंजावरचे एक मराठे राजे फिरतीवर असता या ठिकाणी मुक्कामास उतरले आणि त्या दिवशी एकादशी आहे हे विसरून त्यांनी विडा घेतला. व्रतभंग झाला. शास्त्रीमंडळींनी प्रायश्चित्त म्हणून येथे अग्रहार वसवावा, घरे बांधून ती ब्राह्मणांस जमिनींसह दान द्यावी, असा निर्णय दिला. त्याप्रमाणे अठ्ठेचाळीस घरांचे गाव उभे राहिले आणि ते दान उत्तम ठरले म्हणून गावास उत्तमदानपुरम् हे नाव पडले. एका विड्यापायी अठ्ठेचाळीस घरे! राजेलोकांची विसराळू वृत्ती नेहमीच प्रजेस इतकी फलदायी होत नाही. असो.

ही कथा आपणांपर्यंत पोहोचली ती एखाद्या सनदेमुळे नव्हे. त्या गावी १८५५ साली जन्मलेल्या एका मुलाने ती लहानपणी ऐकली आणि म्हातारपणी आपल्या आत्मचरित्राच्या आरंभी लिहून ठेवली. हा मुलगा म्हणजे तमिळ विद्येचे थोर उद्धारक महामहोपाध्याय उ. वे. स्वामीनाथ अय्यर. त्याच १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने ते राज्य संपुष्टात आणले. मराठ्यांची गादी ज्या वर्षी बुडाली, त्याच वर्षी त्यांनी दिलेल्या दानाच्या गावात हे मूल जन्मास आले, हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून आम्ही काही सिद्ध करू इच्छीत नाही. पण योगायोग लक्षात राहतात, आणि कुंभकोणाकडे जाताना पापनाशम् स्टेशन आले की आम्हांस तो आठवतो.

स्वामीनाथ अय्यर तिरुवावडुदुरैच्या शैव मठात विद्वान मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्यापाशी शिकले आणि १८८० च्या आरंभी कुंभकोणच्या सरकारी कॉलेजात तमिळ पंडित म्हणून रुजू झाले. पगार दरमहा पन्नास रुपये. पंडितजींचे शिक्षण जुन्या वळणाचे होते. अंतादी, कोवै, स्थळपुराणे असे शेकडो ग्रंथ त्यांस मुखोद्गत होते. तोवर तमिळचे अतिप्राचीन वाङ्मय कोठे आहे, कोणाच्या घरी आहे, इतकेच काय पण ते आहे की नाही, हाही प्रश्न कोणी त्यांच्यापुढे टाकला नव्हता.

तो प्रश्न टाकला एका बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याने, आणि आमच्या वाचकांसाठी या साऱ्या हकीकतीचे मर्म येथेच आहे. सेलमचे रामस्वामी मुदलियार हे त्या वर्षी अरियलूरहून बदलून कुंभकोणास मुन्सफ म्हणून आले. मठाधिपतींच्या सूचनेवरून स्वामीनाथ अय्यर त्यांच्या भेटीस गेले. तो दिवस २१ ऑक्टोबर १८८०. मुन्सफांनी विचारले, काय काय वाचले आहे? पंडितजींनी मोठी यादी सांगितली. ती ऐकून मुन्सफांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. एवढे वाचून उपयोग काय, अशा आशयाचे ते काहीतरी बोलले आणि त्यांनी विचारले, जीवकचिंतामणी वाचले आहे काय? मणिमेखलै? शिलप्पदिकारम्? पंडितजींनी ही पुस्तके पाहिलीसुद्धा नव्हती. मुदलियारांनी चिंतामणीची एक कागदी नक्कल मिळवून त्यांच्या हाती दिली. त्यानंतरची साठ वर्षे स्वामीनाथ अय्यर त्या प्रश्नाचे उत्तर देत राहिले.

मुदलियार काही कुंभकोणात फार दिवस राहिले नाहीत. पुढे ते मद्रासेस गेले, आणि १८८५ साली हिंदुस्थानची बाजू मांडण्यास जे तिघे विलायतेस धाडण्यात आले, त्यांत मुंबईचे नारायण गणेश चंदावरकर, बंगालचे मनमोहन घोष आणि मद्रासचे हे रामस्वामी मुदलियार होते. तेव्हा चंदावरकरांच्या निमित्ताने हे गृहस्थ आपल्याकडील चरित्रग्रंथांतून वरचेवर डोकावतात. परंतु कुंभकोणच्या मुक्कामात त्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्या विलायतेतल्या व्याख्यानांहून अधिक टिकाऊ ठरला, असे आमचे मत आहे.

चिंतामणी हे तीन हजारांवर पद्यांचे जैन महाकाव्य. स्वामीनाथ अय्यर शैव. शब्द लागत, अर्थ लागत नसे. कारण जागोजाग जैन आचार, जैन परिभाषा. जुनी टीका होती, पण तीही जाणत्यासाठी लिहिलेली. तेव्हा कुंभकोणात जैन वस्ती आहे, त्यांना विचारावे, असे कोणीतरी सुचविले. पंडितजी त्या आळीत गेले तो एका घरी दारास तोरणे बांधलेली. आज कोणता सण, म्हणून त्यांनी विचारले. घरच्यांनी सांगितले, आमच्याकडे चिंतामणीचे वाचन चालू होते, त्याची आज समाप्ती झाली.

वाचकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. मठातल्या महापंडितांनी ज्या ग्रंथाचे अध्ययन केले नाही, तो व्यापारी गृहस्थांच्या ओसरीवर कित्येक महिने रोज थोडा थोडा वाचला जात होता, आणि आपल्याकडे पांडवप्रतापाची किंवा गुरुचरित्राची समाप्ती व्हावी तशी त्याची समाप्ती साजरी होत होती. त्या ओसरीवर काचेचे कपाट नव्हते. पोथी होती, ती वाचणारा होता, अर्थ सांगणारा होता आणि ऐकायला बसणारी घरची माणसे होती. संग्रहालयाला याहून अधिक काय लागते, हे आम्हांस कोणी तरी सांगावे. त्या जैन गृहस्थांनी आपल्या धर्माचे नसलेल्या पंडितास हातचे काही न राखता सर्व उकलून सांगितले. शैवाने जैन काव्य छापावे हे काहींना रुचले नाही. पण वर्गणीदार मिळवीत, निरनिराळ्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहत, १८८७ साली जीवकचिंतामणी छापून निघाले. मागोमाग १८८९ साली पत्तुप्पाट्टु, १८९२ साली शिलप्पदिकारम्, १८९४ साली पुरनानूरु आणि १८९८ साली मणिमेखलै. यांतले पुष्कळसे काम कुंभकोणात कॉलेजची शिकवणी संपल्यावर झाले. १९०३ साली ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले.

आता नाण्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाही तर हा लेख म्हणजे ग्रामीण सज्जनपणाचे भाबडे स्तोत्र व्हायचे. ताडपत्र हे नाजूक साधन आहे. लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचे, त्यावर काजळी चोळायची, पाने दोरीत ओवून फळ्यांमध्ये आवळायची. इतके करूनही दोनतीनशे वर्षांत पान ठिसूळ होते आणि किडीच्या भक्ष्यस्थानी पडते. नव्या पानांवर नक्कल झाली नाही तर ग्रंथ मेला. जुनी पाने मग कोणी पवित्र म्हणून आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, कावेरीस पूर येतो तेव्हा, पाण्यात सोडीत. तिरुनेलवेलीकडील करिवलम्‌वंदनल्लूर येथील देवळात स्वामीनाथ अय्यर पोथ्यांच्या शोधात गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की जीर्ण पाने शास्त्राप्रमाणे अग्नीत समर्पण केली! जाळणारे दुष्ट नव्हते, श्रद्धाळू होते. जतन करणारा गावकरी आणि नाश करणारा गावकरी यांच्यामध्ये श्रद्धेचे अंतर नसते. ‘यात काय लिहिले आहे’ असे विचारणारा माणूस तेथे येऊन गेला की नाही, एवढेच अंतर असते.

महाराष्ट्रातही याच सुमारास हेच चालले होते. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी वाईस मिळालेल्या कागदांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला; म्हणजे कुंभकोणच्या पंडितांचे मणिमेखलै निघाले त्याच वर्षी. माळ्यावर पडलेली, कसर लागलेली, प्रसंगी वाण्याच्या पुड्यांस गेलेली मोडी दप्तरे मिळविण्यासाठी राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेही अशाच पदरमोड करणाऱ्या मंडळींच्या बळावर. धुळ्यास वकिली करणारे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतली बाडे जमविण्यात आयुष्य वेचले. आणि १९२६ च्या अखेरीस राजवाडे निवर्तले तेव्हा त्यांचे कागद सांभाळण्यासाठी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ निघाले तेही धुळ्यासच. खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या गावाने हा भार उचलला, राजधानीच्या शहराने नव्हे. आज जो अभ्यासक पुण्याहून धुळ्यास जातो, तो त्या वेळच्या वर्गणीदारांचे ऋण घेऊन परततो.

कुंभकोणाहून चाळीस किलोमीटरवर असलेल्या तंजावरास मात्र सरकार आणि गाव यांची थोडी वेगळी सांगड पडलेली दिसते. राज्य गेल्यावर कंपनीने राजवाड्यातील चीजवस्तूही ताब्यात घेतली. राण्यांनी दाद मागितली, परंतु १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यकारभाराचे कृत्य असल्याने न्यायालयास त्यात हात घालता येत नाही, असा निकाल दिला. पुढे १८६२ साली खाजगी मालमत्ता राण्यांना परत मिळाली. दुसऱ्या सरफोजीराजांचा विख्यात सरस्वती महाल या सगळ्या धुमाळीत शाबूत राहिला, हे आश्चर्यच. त्यातील संस्कृत पोथ्यांची सूची आर्थर बर्नेल यांनी तयार करून १८८० साली छापली. हे बर्नेल कोण? तंजावरचे जिल्हा न्यायाधीश. म्हणजे येथेही पुन्हा बदलीवरचा अधिकारी! मुदलियारांची आणि पंडितजींची भेट झाली तीही १८८० मध्येच.

१९१८ साली सरस्वती महाल सार्वजनिक झाला, आणि त्यानंतर जे घडले ते आम्हांस राजांच्या ग्रंथप्रेमाहूनही अधिक हृद्य वाटते. तंजावरातील जुन्या घराण्यांनी आपापल्या घरच्या पोथ्या आणून तेथे दिल्या. जंबुनाथभट्ट लांडगे, कागलकर, पतंगावधूत ही नावे त्या ग्रंथालयात त्यांच्या संग्रहांमुळे आजही घेतली जातात. लांडगे आणि कागलकर! कावेरीकाठी दोन शतके काढून, बोलण्यात अर्धे तमिळ शब्द येऊ लागले तरी ज्यांनी आडनाव सोडले नाही, त्यांनी घरातली सर्वांत मोलाची वस्तू उचलून दिली. राजाने पोथ्या जमविल्या त्या राज्याच्या पैशाने. या मंडळींनी दिल्या त्या आजोबांच्या पेटीतून. मोल कोणत्या दानाचे अधिक, हे वाचकांनीच ठरवावे.

वस्तू मूळ जागी ठेवावी की मोठ्या ठिकाणी न्यावी, या वादावर तंजावरासच १९५१ साली एक तोडगा निघाला. शहरालगतच्या करंदै भागात ब्रह्मदेवाची एक जुनी पाषाणमूर्ती होती. बाहेरच्या एका कलासंग्राहकाने ती मागितली. मूर्तीकडे तोवर कोणी ढुंकूनही पाहत नसेल, पण ती जाणार म्हणताच रहिवाशांनी हरकत घेतली. त्या वेळचे कलेक्टर टी. के. पळनिअप्पन यांनी मूर्ती राजवाड्याच्या आवारात आणून ठेवली, आणि तेथून तंजावरच्या कलादालनाचा आरंभ झाला. जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतल्या मूर्ती तेथे क्रमाने येत गेल्या. एका आळीच्या हट्टातून एवढी संस्था निघाली. मूर्ती करंदैच्या लोकांकडे राहिली नाही हे खरे. परंतु जिल्ह्याबाहेर गेली नाही, आणि तिला पाहण्यास करंदैच्या माणसास रेल्वेचे तिकीट काढावे लागत नाही. कागद आणि ताडपत्र यांस कसरीपासून व दमट हवेपासून वाचवायचे तर ते मोठ्या ग्रंथालयात गेलेच पाहिजे, असे आमचे मत आहे. घर, विहीर, ओसरी आणि मूर्ती मात्र जेथल्या तेथे, निदान हाकेच्या अंतरावर, असावी.

विहीर म्हटले ती उगाच नव्हे. कुंभकोणाजवळ तिरुविशनल्लूर नावाचे गाव आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली ते शेहेचाळीस विद्वानांस अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम् ठेवले. तेथील श्रीधर व्यंकटेश, ज्यांस लोक अय्यावाळ म्हणतात, यांच्या घरच्या विहिरीत गंगा अवतरली अशी श्रद्धा आहे, आणि कार्तिकी अमावास्येस त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यास लोक दरवर्षी जमतात. त्या गर्दीतल्या किती जणांस शहाजीराजे ठाऊक असतात, हे विचारण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु घर आहे, विहीर आहे, तिथी आहे. विचारणारा आला तर दाखविण्यास काही तरी जागेवर आहे. कुंभकोण शहरात शारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गणिती रामानुजन यांचे कौलारू घर आहे, तेही असेच. २००३ साली शास्त्र विद्यापीठाने ते घेऊन जतन केले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६८ साली, मद्रासच्या मुत्यालपेट हायस्कुलाने रामानुजन यांची पत्रे आणि त्यांस पाहिलेल्यांच्या आठवणी ग्रंथरूपाने छापल्या. त्या जमविल्या पी. के. श्रीनिवासन या गणिताच्या मास्तरांनी. पुढे १९९३ साली त्यांनीच चेन्नईच्या रायपुरम् भागात रामानुजन यांचे छोटे संग्रहालय उभारण्यास हातभार लावला. मास्तर, मुन्सफ, वकील. नावे बदलतात, जात एकच.

मराठी मंडळींच्या वाट्याचे काम मात्र अजून पडून आहे. सरस्वती महालात तंजावर दरबाराचे मोडी कागद १,३०० हून अधिक रुमालांत बांधलेले आहेत. राजाने कोणास काय बिदागी दिली, देवळास किती तेल लागले, छत्रात किती पाने उठली, कोणत्या वैद्यास कोणते औषध घेण्यास धाडले, असा नित्याचा जमाखर्च त्यांत आहे. बृहदीश्वराच्या प्राकारात १८०३ साली सरफोजीराजांनी कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख जगप्रसिद्ध झाला, कारण तो दगडावर आहे आणि देवनागरीत आहे. रुमालांचे दैव तसे नाही. के. एम. वेंकटरामय्या या तमिळ विद्वानांनी त्या कागदांच्या तमिळ भाषांतरांचा आधार घेऊन मराठे राजांच्या काळच्या राजकारणावर व समाजजीवनावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तो १९८४ साली प्रसिद्ध केला. म्हणजे मराठ्यांचा जमाखर्च आज तमिळ वाचकास मराठी वाचकाहून अधिक खुला आहे! यात खेद मानण्यासारखे काही नाही; उत्तमदानपुरच्या दानाची ती परतफेड म्हणावी. परंतु कावेरीकाठच्या मराठी घराण्यांची पुढली पिढी चेन्नई, बंगळूर आणि परदेश धरून बसली आहे. जुनी घरे विकली जात आहेत, आणि घर विकताना माळ्यावरची पेटी पाहण्यास मोडी जाणणारा कोणी नसतो. आमच्यापैकी जे त्या बाजूस बदलीवर असतील त्यांनी एखाद्या रविवारी अशा घरी चहास जावे आणि रामस्वामी मुदलियारांनी विचारले त्या जातीचे एखाददुसरे विचारून पाहावे. पेटीत पंचांगे निघतील, घरभाड्याच्या पावत्या निघतील. एखादे बाडही निघेल. ते घेऊन आपल्या घरी मात्र येऊ नये. त्याचे छायाचित्र घ्यावे, घरच्यांसमक्ष यादी करावी, आणि त्यांची इच्छा असेल तर सरस्वती महालाचा पत्ता द्यावा.

कुंभकोणाहून ईशान्येस तिरुविडैमरुदूर लागते. १७९८ साली गादीवरून उतरविलेले अमरसिंहराजे तेथे येऊन राहिले आणि त्यांचा लहानसा दरबार तेथेच भरत असे. गावच्या महालिंगस्वामींच्या देवळात एक धातूची दीपलक्ष्मी आहे: दोन्ही हातांत पणती धरून उभी असलेली तरुण स्त्री, अंगावर दागिने, खांद्यावर पोपट. ती देवी नाही. तंजावरच्या राजघराण्यातील ही मुलगी. प्रतापसिंहाशी, म्हणजे आपल्या आतेमामे नात्यातल्या राजपुत्राशी, लग्न झाले तर देवास लक्ष दिवे लावीन असा तिने नवस केला होता. लग्न झाले, दिवे लागले, आणि त्या लाखातला एक दिवा म्हणून तिने स्वतःचीच मूर्ती ठेवली. वर्ष १८५३, म्हणजे राज्य बुडण्याच्या दोन वर्षे आधीचे. नवसाची ही सारी हकीकत बैठकीवर कोरलेली आहे. ती मराठीत नाही, मोडीत नाही. तमिळमध्ये आहे, आणि देवळात येणारा कोणीही ती वाचू शकतो.